खांद्यात पाणी झालंय? काढण्याआधी ते कशाचं आहे ते शोधा

सोनोग्राफी किंवा एमआरआयच्या रिपोर्टवर ‘जॉइंट इफ्यूजन’ (सांध्यात साठलेला द्रव) किंवा ‘बर्सायटिस’ (सांध्याजवळच्या पातळ पिशवीची सूज) असे शब्द आले की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: खांद्यात पाणी झालंय. त्यापाठोपाठ सल्ले सुरू होतात. कोणी आंबेहळदीचा लेप सांगतं, कोणी विटेचा शेक, कोणी मालीशवाल्याचा नंबर देतं. कोणी बजावतं, एकदा सुई लावून पाणी काढलं की ते पुन्हा पुन्हा भरतं. आणि ज्याचा खांदा दुखतोय तो रात्री कूस बदलत जागा असतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. पाणी हा आजार नाही, आतल्या आजाराची खूण आहे. सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज आली, जंतुसंसर्ग झाला, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) फाटला किंवा हाडाला मार लागला की ते अस्तर जास्त द्रव सोडतं. कारण तसंच राहिलं तर काढलेलं पाणी परत येणारच. त्यात सुईचा दोष नाही. म्हणून ‘पाणी कसं काढायचं’ हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न ‘पाणी का आलं’. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पायरी १: आज, आत्ता दवाखान्यात जायचं का ते ठरवा

खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा.

- खांदा गरम, लाल, सुजलेला आहे आणि हात जरासा हलवला तरी असह्य कळ येते
- खांदेदुखीबरोबर ताप, थंडी वाजणं किंवा एकदम गळून गेल्यासारखं वाटतंय
- पडल्यावर किंवा अपघातानंतर खांद्याचा आकार बदललाय, हात उचलताच येत नाही किंवा बोटं बधिर झालीत
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत किंवा हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) आहे, आणि खांदा काही तासांत फुगलाय
- खांद्यात सुई, इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया झाल्यानंतर दुखणं कमी होण्याऐवजी रोज वाढतंय

पहिल्या दोन खुणांची काळजी सगळ्यात जास्त. सांध्यात जंतू शिरून पू झाला तर हाडांच्या टोकांवरचा कूर्चेचा थर काही दिवसांत खराब होऊ लागतो, आणि एकदा गेलेली कूर्चा पूर्ववत भरून येत नाही. ‘शनिवार-रविवार काढू, सोमवारी दाखवू’ ही सवलत इथे नाही. मधुमेह, डायलिसिस, आमवाताची (रूमॅटॉइड आर्थ्रायटिसची) प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किंवा सत्तरीपुढचं वय असेल तर आणखी सावध राहा. अशा माणसांना आत पू झालेला असूनही ताप येत नाही, असं घडतं. घरातल्या आजी ‘नुसतं अंग मोडून आलंय’ म्हणत जेवण सोडून बसल्या असतील आणि एक खांदा धरून असतील, तर थर्मामीटर साधा आकडा दाखवतोय म्हणून निश्चिंत होऊ नका.

एक वेगळी शक्यता. डाव्या खांद्यात किंवा हातात कळ येते, हात हलवल्याने त्यात काही फरक पडत नाही, आणि सोबत छातीत दडपण, घाम, धाप आहे, तर तो खांद्याचा आजार धरू नका. १०८ ला फोन करा. ते हृदयाचं दुखणं असू शकतं.

पायरी २: पाणी नेमकं कुठे आहे ते समजून घ्या

गुडघ्यात पाणी झालं की डोळ्यांना दिसतं. खांद्यात दिसत नाही, कारण सांधा खोल आहे आणि त्यावर डेल्टॉइड हा जाड स्नायू पांघरलेला आहे. वरून खांदा ठीक दिसतो आणि आत बरंच काही चाललेलं असतं. म्हणून इथे बोटांनी दाबून निदान होत नाही, सोनोग्राफी लागते.

पाणी साधारण दोन जागी साठतं. एक म्हणजे मुख्य सांध्याच्या आत, जिथे दंडाचं गोल डोकं खवाट्याच्या उथळ खोबणीत फिरतं. दुसरी जागा त्याच्या वर, खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली. तिथे बर्सा नावाची एक पातळ पिशवी असते. टेंडन हाडावर घासू नयेत म्हणून निसर्गाने ती ठेवली आहे, आणि खांद्यातली ही पिशवी शरीरातल्या मोठ्या बर्सांपैकी एक आहे. या दोन जागांच्या मधे रोटेटर कफ, म्हणजे चार स्नायूंच्या टेंडनांचं एक आवरण असतं.

हे आवरण धड असेल तर सांध्यातलं पाणी बर्सात जाऊ शकत नाही. म्हणून रिपोर्टवर दोन्ही ठिकाणी पाणी लिहिलं असेल तर डॉक्टरांच्या मनात पहिली शंका येते ती रोटेटर कफ आरपार फाटल्याची. तुम्हीही रिपोर्ट घेऊन जाल तेव्हा हा प्रश्न विचारा: पाणी फक्त बर्सात आहे, फक्त सांध्यात आहे, की दोन्हीकडे?

‘बायसेप्स टेंडनच्या आवरणात द्रव’ असंही कधी लिहून येतं. ते आवरण सांध्याशी जोडलेलंच असतं, त्यामुळे तिथलं पाणी बहुतेक वेळा सांध्यातून उतरलेलं असतं. तो वेगळा आजार समजून घाबरू नका. आणि एमआरआयवर ‘मिनिमल’ किंवा ‘माइल्ड’ असं थोडं पाणी दुखणं नसलेल्या माणसातही दिसतं. हात छान वर जातो, रात्री झोप लागते आणि फक्त कागदावर पाणी आहे, तर उपचार कागदाचा करायचा नसतो.

पायरी ३: दवाखान्यात जाण्याआधी अर्धा तास बसून नोंद करा

वहीच्या एका पानावर एवढं लिहा. दुखणं एका दिवसात आलं की महिन्या-महिन्याने वाढलं? त्याआधी काय झालं होतं: पडणं, गाडीवरून घसरणं, दिवाळीच्या आधी छत झाडणं, भिंतीला रंग देणं, कापूस वेचणीचा हंगाम, दंडात लस? (लस फार वर, खांद्याच्या टोकाजवळ टोचली गेली तर बर्साला सूज येऊ शकते. असं दुखणं लसीनंतर बहुधा दोन दिवसांत सुरू होतं.) एकच खांदा की दोन्ही? इतर सांधे, विशेषतः बोटांची पेरं आणि मनगटं, सकाळी अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त वेळ आखडलेली राहतात का? वजन कमी झालंय का, संध्याकाळी बारीक ताप येतो का, घरात कोणाला टीबी झाला होता का?

चालू औषधांच्या पट्ट्या सोबत न्या. साखरेचा अलीकडचा रिपोर्ट न्या. मधुमेह माहीत नसेल तर तपासून घ्या, कारण गोठलेला खांदा (फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडून हालचाल कमी झालेला खांदा) मधुमेहींमध्ये कितीतरी जास्त प्रमाणात दिसतो, आणि खांद्याच्या निमित्ताने मधुमेह पहिल्यांदा सापडला असंही होतं.

मग तपासण्या. एक्स-रे आधी काढतात. त्यात पाणी नीट दिसत नाही, पण हाडाची मोड, झीज, टेंडनमध्ये साचलेलं कॅल्शियम दिसतं. सोनोग्राफी पाणी आणि टेंडन दोन्ही दाखवते, स्वस्त पडते, आणि तिच्याच मदतीने सुई नेमक्या जागी नेता येते. एमआरआय सगळ्यांना लागत नाही. मोठी फाट, शस्त्रक्रियेचा विचार, हाडाच्या आतला संसर्ग किंवा गाठ अशी शंका असेल तरच त्याचे पैसे सार्थकी लागतात. रक्तात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि ईएसआर, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारे आकडे) बघतात, गरजेप्रमाणे आमवाताच्या तपासण्या आणि युरिक ॲसिड. गाउटचा (युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचण्याच्या आजाराचा) झटका चालू असताना युरिक ॲसिडचा आकडा सामान्य येऊ शकतो, हे लक्षात असू द्या.

पायरी ४: पाणी काढायचं की नाही

बर्सात थोडंसं पाणी आहे, ताप नाही, जास्त काम केल्याचं कारण स्पष्ट आहे: अशा वेळी बहुतेकदा सुई लागत नाही. विश्रांती, औषध आणि व्यायामाने सूज उतरली की शरीर तो द्रव आपणच शोषून घेतं.

पाणी काढण्याची दोन ठोस कारणं आहेत. पहिलं, निदान. संसर्गाची शंका असेल, कारण कळत नसेल, किंवा एकाच सांध्यात अचानक बरंच पाणी आलं असेल, तर नमुना घेतलाच पाहिजे. दुसरं, आराम. पाण्याने सांधा ताणून दुखत असेल तर ते काढल्यावर लगेच हलकं वाटतं.

प्रक्रिया साधी आहे आणि बहुधा बाह्यरुग्ण विभागातच होते. तुम्हाला बसवतात, हात मांडीवर सैल ठेवायला सांगतात. त्वचा अँटिसेप्टिकने स्वच्छ करतात, बधिर करण्याचं औषध टोचतात, आणि बहुतेक वेळा खांद्याच्या मागच्या बाजूने सुई आत नेतात. सोनोग्राफीचा प्रोब लावून केलं तर सुईचं टोक पडद्यावर दिसतं. खांद्यासारख्या खोल सांध्यासाठी मी सोनोग्राफीखालीच काढण्याच्या बाजूने आहे, जवळपास सोय असेल तर. पण पू असल्याची शंका असेल तर सोनोग्राफीच्या अपॉइंटमेंटसाठी दोन दिवस घालवू नका.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. पुष्कळदा त्या न थांबवताही पाणी काढता येतं. तो निर्णय तुमचे हृदयाचे आणि हाडांचे डॉक्टर मिळून घेतील.

आता या लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. काढलेलं पाणी टाकून देऊ देऊ नका. सिरिंजभर द्रव निघतो, माणसाला बरं वाटतं, आणि तो द्रव कचऱ्याच्या डब्यात जातो. त्याबरोबर निदानही जातं. पाणी काढण्याआधीच नम्रपणे विचारा: "डॉक्टर, हा नमुना तपासायला पाठवणार ना? कोणत्या तपासण्या लिहिताय?" नमुना स्वतः लॅबमध्ये पोचवायचा असेल तर उशीर करू नका, शक्यतो तासाभरात पोचवा. पेशी मोजण्यासाठीचा भाग जांभळ्या टोपीच्या नळीत आणि कल्चरसाठीचा (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठीचा) निर्जंतुक डबीत किंवा बाटलीत लागतो. कल्चरचा नमुना घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका.

रंगावरून पहिला अंदाज येतो. फिकट पिवळा, स्वच्छ, बोटांमध्ये धरला तर तार सुटणारा द्रव झीज किंवा टेंडनच्या त्रासाकडे बोट दाखवतो. गढूळ पिवळा, पाण्यासारखा पातळ झालेला द्रव दाह सांगतो. दाट, हिरवट-पांढरा म्हणजे पू. रक्त असेल तर मार, रक्त गोठण्याचा दोष किंवा पातळ करणाऱ्या गोळ्या. अपघातानंतरच्या रक्तावर चरबीचे थेंब तरंगताना दिसले तर आत हाड मोडलेलं असण्याची दाट शक्यता. पण रंग हा अंदाजच. खात्री लॅबमधून येते.

लॅबमध्ये पांढऱ्या पेशी मोजतात. निरोगी सांध्यात एका घन मिलिमीटरमध्ये २०० पेक्षा कमी असतात. २,००० पर्यंतचा आकडा झिजेसारख्या कारणांत दिसतो. २,००० ते ५०,००० दाह: आमवात, गाउट, स्फटिकांचे आजार. ५०,००० च्या वर गेला की संसर्ग नाही हे सिद्ध होईपर्यंत संसर्गच धरून चालतात. या रेषा काटेकोर नाहीत. संसर्गातही आकडा कमी येऊ शकतो, आणि स्फटिक सापडले म्हणून जंतू नसतीलच असं नाही. म्हणून स्फटिकांची तपासणी, ग्राम स्टेन (रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू पाहणं) आणि कल्चर तिन्ही हवेत.

संसर्गाची शंका असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस शक्यतो नमुना घेतल्यानंतर. आधी कुठल्या तरी दुकानातून आणलेल्या चार गोळ्या घेतल्या असतील तर कल्चर कोरं येऊ शकतं आणि जंतू ओळखताच येत नाही. घेतल्या असतील तर लपवू नका, नाव सांगा.

आपल्या देशात टीबीचा विचार कधीच सोडायचा नाही. खांद्याचा टीबी हळू चालतो. महिनोन्‌महिने दुखतं, दंड-खांद्याचा स्नायू बारीक होत जातो, हालचाल कमी होते, आणि पाणी किंवा पू फार नसतोही. त्यामुळे तो ‘गोठलेला खांदा’ म्हणून वर्षभर व्यायाम करवून घेतो. नमुना, किंवा गरज पडल्यास अस्तराचा तुकडा, सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या) तपासणीला पाठवला तर काही तासांत उत्तर मिळतं, आणि रिफाम्पिसिन या औषधाला जंतू दाद देईल का तेही कळतं. कल्चरला मात्र सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. सरकारी यंत्रणेत ही तपासणी आणि पुढची औषधं मोफत आहेत. हाडा-सांध्याच्या टीबीची औषधं साधारण वर्षभर किंवा त्याहून जास्त चालतात.

पायरी ५: स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल

पाणी काढल्यावर त्याच सुईतून स्टेरॉइड देण्याची पद्धत आहे. बहुधा ट्रायॲमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन, ४० मिलिग्रॅमच्या आसपास. बर्सायटिस, आमवात आणि गोठलेल्या खांद्याच्या दुखऱ्या टप्प्यात याचा खरा उपयोग होतो. ‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकून पळून जाऊ नका. पण पाण्याचं कारण कळलेलं नसताना, संसर्गाची किंवा टीबीची शंका शिल्लक असताना ते घेऊ नका. दोन-चार दिवस थांबून रिपोर्ट पाहण्याने नुकसान होत नाही. पू असलेल्या सांध्यात स्टेरॉइड गेलं तर मोठं नुकसान होतं.

इंजेक्शननंतर काय होतं ते आधी माहीत असलं की घाबरगुंडी उडत नाही. बधिरतेचं औषध उतरलं की काही तासांनी दुखणं परत येतं, आणि एक-दोन दिवस थोडं वाढूही शकतं. खरा आराम दोन-तीन दिवसांपासून आठवड्याभरात सुरू होतो. मधुमेह असेल तर साखर काही दिवस, कधी आठवडाभर, चढलेली राहते. रोज तपासा, आणि गोळ्या किंवा इन्सुलिन किती वाढवायचं ते आधीच विचारून ठेवा. दोन-तीन दिवसांनंतरही दुखणं वाढतंच असेल किंवा ताप आला तर त्याच दिवशी परत जा.

एकाच खांद्यात वर्षातून तीन-चारपेक्षा जास्त वेळा आणि तीन महिन्यांपेक्षा कमी अंतराने इंजेक्शन घेणं टाळा, कारण टेंडन कमकुवत होण्याचा धोका असतो. शस्त्रक्रिया ठरत असेल तर इंजेक्शन आणि तिच्यात काही महिन्यांचं, बहुधा तीन महिन्यांचं, अंतर ठेवायला सांगतात. आराम पडलेले आठवडे नुसते झोपून काढायचे नाहीत. व्यायाम करता यावा म्हणूनच तो आराम मिळवलेला असतो.

पायरी ६: घरी पहिले दहा दिवस

हे सगळं पू, मोड आणि मोठी फाट नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यानंतरचं.

हात पूर्ण बांधून ठेवू नका. झोळी लागलीच तर दोन-तीन दिवस, तीही दिवसातून बऱ्याचदा काढून. खांदा फार लवकर आखडतो, आणि चाळिशी-पन्नाशीत एकदा गोठला की सुटायला कधी वर्ष, कधी दोन वर्षं घेतो.

बर्फ पातळ टॉवेलमध्ये गुंडाळून १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. थेट कातडीवर नाही. गरम शेक पहिल्या दिवसांत नको. दाह उतरून नुसता आखडलेपणा राहिला की व्यायामाआधी १० मिनिटं गरम पाण्याची पिशवी चालेल. बाम लावून त्यावर शेक घेऊ नका, कातडी भाजते. जोर लावून मालीश आणि हात झटका देऊन ‘बसवणं’ मात्र अजिबात नको. सुजलेल्या बर्सावर अंगठ्याने रगडलं की सूज वाढते, आणि फाटत आलेला टेंडन झटक्याने पुरता फाटू शकतो. लेपाने कातडीला थंड वाटत असेल तर लावा, पण त्याच्या भरवशावर तपासणी पुढे ढकलू नका.

झोपेचं गणित आधी सोडवा, कारण या आजारात माणूस रात्रीच खचतो. दुखऱ्या कुशीवर झोपू नका. पाठीवर झोपत असाल तर कोपराखाली एक उशी किंवा घडी घातलेली गोधडी ठेवा, म्हणजे दंड मागे पडणार नाही. दुसऱ्या कुशीवर झोपलात तर छातीशी उशी धरून दुखरा हात तिच्यावर ठेवा. फारच दुखत असेल तर चार रात्री पाठीला उशा लावून अर्धवट बसून झोपा.

कपडे घालताना दुखरा हात बाहीत आधी, काढताना शेवटी. ब्लाउज आणि कुर्ते काही दिवस पुढून बटणांचेच. रोजच्या वापराचे डबे वरच्या फळीवरून ओट्यावर आणा. भरलेला कुकर, बादली, पाण्याचा हंडा दुसऱ्या कोणी उचलायचा. घरातल्या बाईचा खांदा दुखत असतो तेव्हा हीच गोष्ट होत नाही, आणि मग औषधाला दोष दिला जातो. घरच्यांनी हे मनावर घ्या. बसमध्ये किंवा लोकलमध्ये वरची कडी धरण्याऐवजी छातीच्या उंचीवरचा उभा खांब धरा. स्कूटर काही दिवस बंद.

गोळ्यांबद्दल. पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दिवसाला एकूण ३ ग्रॅमच्या आत. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेत असाल तर कमी, डॉक्टरांना विचारून. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक यांनी सूज लवकर उतरते, पण मूत्रपिंडाचा त्रास, पोटातला अल्सर, हृदयविकार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा गरोदरपण असेल तर ती आपणहून घ्यायची नाहीत. जोड गोळ्यांच्या पट्टीवरची नावं वाचा. त्यात बऱ्याचदा पॅरासिटामॉल आधीच असतं आणि आपण वर आणखी एक घेतो. कुठल्याही नावाशिवाय मिळणाऱ्या ‘वाताच्या पुड्या’ घेऊ नका. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. चार दिवस चमत्कार वाटतो, मग साखर आणि रक्तदाब बिघडतात.

पायरी ७: व्यायाम, दुखण्याच्या मापाने

शक्य असेल तर एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडून हे समोर करून घ्या. नियम एकच: करताना दुखणं दहापैकी तीन-चारच्या आत राहावं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मूळपदावर यावं. रात्रभर ठणकलं तर उद्या निम्मं करा, बंद करू नका.

सुरुवात लोलकासारख्या हालचालीने. चांगला हात टेबलावर टेकवून कमरेत वाका, दुखरा हात सैल सोडा. हात स्वतः हलवायचा नाही. अंग पुढे-मागे डोलवा, हात आपोआप झुलेल. मग डावी-उजवीकडे, मग छोटी वर्तुळं. मिनिटभर, दिवसातून तीन वेळा. पाणी असलेल्या खांद्यालाही हे सोसतं, कारण हाताच्या वजनाने सांध्यात जागा मोकळी होते.

दुखणं उतरायला लागलं की भिंतीवर बोटं चालवत हात वर न्या, रोज थोडं वर, जिथवर गेलं तिथे पेन्सिलने खूण करा. पाठीवर झोपून दोन्ही हातांत काठी धरा, कोपरं अंगाला चिकटलेली, आणि चांगल्या हाताने काठी ढकलून दुखरा हात बाहेर वळवा. बाहेर वळणं हीच हालचाल गोठणाऱ्या खांद्यात सगळ्यात आधी जाते, त्यामुळे तिच्यावर जास्त वेळ द्या. खवाटे मागे ओढून पाच सेकंद धरणं कुठेही बसल्या-बसल्या करता येतं.

ताकदीचा भाग शेवटी. आधी कोपर ९० अंशांत वाकवून मनगटाने भिंतीला बाहेरच्या आणि आतल्या बाजूला दाब द्या, पाच-दहा सेकंद, दहा वेळा, हात न हलवता. ते निमूट सोसलं की रबरी पट्टा, आठवड्यातून तीन दिवस. खांद्याच्या वर वजन उचलणं सगळ्यात शेवटी. साध्या बर्सायटिसमध्ये या सगळ्याला सहा ते बारा आठवडे लागतात. दुसऱ्या आठवड्यात सोडून देऊ नका.

पायरी ८: कारणाचा उपचार

इथे वाटा फुटतात.

पू असेल तर सांधा धुवावा लागतो, बहुधा दुर्बिणीतून, आणि अँटिबायोटिक आधी शिरेतून व मग तोंडावाटे, एकूण काही आठवडे. मधेच बरं वाटलं तरी कोर्स तोडायचा नाही.

आमवात असेल तर खांद्यावरचा उपचार वरवरचा. मूळ औषध संधिवाततज्ज्ञ ठरवतील, अनेकदा मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. ती चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून कॅलेंडरवर वार लिहून ठेवा आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे आणि मांड्यांचे सांधे सकाळी आखडत असतील, ईएसआर खूप वाढलेला असेल, तर पॉलिमायल्जिया या आजाराचाही विचार करायला सांगा. तो थोड्या प्रमाणातल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी झपाट्याने उतरतो. त्याबरोबर नव्याने डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं किंवा नजर अंधुक होणं असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कॅल्शियमचा साठा बर्सात फुटला तर एका रात्रीत असह्य दुखतं, अगदी पू झाल्यासारखं. एक्स-रेने उलगडा होतो. सोनोग्राफीखाली सुईने ते कॅल्शियम धुऊन काढता येतं.

वयस्कर माणसांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, रोटेटर कफ पूर्ण गेलेला, सांधा झिजलेला आणि खांद्यात भरपूर, कधी रक्ताळलेलं, पाणी असा एक प्रकार दिसतो. तो १९८१ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातून वर्णिला गेला, म्हणून त्याला ‘मिलवॉकी शोल्डर’ म्हणतात. त्यात पाणी परत परत भरतं. गरजेप्रमाणे काढणं, जपून व्यायाम, आणि फारच अडलं तर उलट्या रचनेचा कृत्रिम सांधा, असे पर्याय आहेत.

रोटेटर कफची फाट वयाने आलेली असेल तर आधी तीन महिने नीट व्यायाम करून बघा, पुष्कळांचं त्यावर भागतं. पण धडधाकट माणूस पडला आणि त्या दिवसापासून हात वर उचलताच येईना, तर तीन महिने थांबू नका. अशी फाट पहिल्या काही आठवड्यांत तज्ज्ञाला दाखवायला हवी, नंतर टेंडन मागे ओढला जातो, स्नायूत चरबी भरते आणि शिवायला कठीण जातं.

पाणी परत भरलं तर

एकदा काढलेलं पाणी दोन-तीन आठवड्यांत परत आलं तर त्याच जागी दुसरं इंजेक्शन घेऊन विषय मिटवू नका. पहिला लॅब रिपोर्ट घेऊन जा. रिपोर्ट नसेल, तर या वेळी नमुना पाठवायचाच. तीन गोष्टी विचारा: टीबीची तपासणी झाली का, स्फटिक पाहिले का, रोटेटर कफ धड आहे का? अस्तर जाड झालेलं असेल किंवा पाण्यात तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे निघाले असतील तर ते आमवातात आणि टीबीत, दोन्हींत दिसतात. अशा वेळी दुर्बिणीतून अस्तराचा तुकडा घेऊन तपासण्याबद्दल स्वतःहून विचारा. सगळे जुने रिपोर्ट, सोनोग्राफीच्या फिल्म आणि किती मिलिलिटर पाणी कोणत्या तारखेला निघालं याची नोंद एका फाइलमध्ये ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायची वेळ आली तर पहिल्याच भेटीत ती फाइल त्यांच्या हातात द्या.